फुटबॉलवर पोट भरायचं असेल तर

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांच्या मोबाइलवर एक जाहिरात हमखास येते. स्पेन किंवा पोर्तुगालमधलं तीन आठवड्यांचं शिबिर, नामांकित क्लबच्या मैदानावर सराव, शेवटच्या दिवशी ‘स्काउट’समोर सामना आणि त्यातून युरोपातल्या क्लबमध्ये निवड होण्याची आशा. फी काही लाख रुपये. मुलगा चौदा वर्षांचा असतो, शाळेच्या संघात सगळ्यांत वेगवान असतो आणि बाप पतसंस्थेत कर्जाचा अर्ज भरायला निघतो. त्या घरासाठी हा लेख लिहितो आहे.

अर्ज भरण्याआधी एक नियम माहीत करून घ्या. अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी होत नाही. हा फिफाचा नियम आहे आणि त्याला अपवाद मोजकेच आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर, युरोपीय संघाच्या आतल्या आत सोळा ते अठरा या वयात बदली होत असेल तर, घर आणि क्लब दोन्ही देशाच्या सीमेला लागून असतील तर, शिवाय निर्वासित मुलांसारखे आणखी एक-दोन. सांगली-साताऱ्याचा मुलगा यांतल्या कशातच बसत नाही. बार्सिलोनाने हा नियम मोडला तेव्हा २०१४ मध्ये फिफाने त्या क्लबवर दोन ट्रान्सफर विंडोंत नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी घातली. पुढे रेआल माद्रिद, अ‍ॅटलेटिको माद्रिद आणि २०१९ मध्ये चेल्सी यांच्यावरही अशीच कारवाई झाली. एवढे मोठे क्लब यातून सुटले नाहीत, तर तुमच्या मुलासाठी कुणी हा धोका पत्करणार नाही. सहल म्हणून, शिकण्यासाठी म्हणून शिबिराला पाठवायचं असेल आणि परवडत असेल तर जरूर पाठवा. त्यातून करार मिळेल या भरवशावर कर्ज मात्र काढू नका. खऱ्या क्लबला खेळाडू हवा असतो तेव्हा तो स्वतः खर्च करून बोलावतो. खेळाडूकडून पैसे मागत नाही.

अठराव्या वर्षापर्यंत खेळाडूची खरी कमाई म्हणजे चुरशीच्या सामन्यांत खेळलेली मिनिटं. पुढे देशात कुठे खेळायचं, परदेशात जायचं की नाही, हे सगळे निर्णय याच मापाने मोजावेत असं माझं ठाम मत आहे.

जिल्ह्यापासून

मुलाला अकादमीत घालताना लोक कृत्रिम गवत, जर्सी आणि अकादमीचं परदेशी नाव बघतात. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: वर्षभरात माझं मूल नोंदणीकृत स्पर्धांमध्ये किती सामने खेळेल? आठवड्यातून दोन संध्याकाळी टर्फवर शंकूंमधून चेंडू फिरवून व्यायाम होतो, चेंडूवर ताबा आला असंही वाटतं, पण खेळाडू सामन्यातच घडतो. मुंबई फुटबॉल असोसिएशन, पुणे जिल्हा फुटबॉल असोसिएशन किंवा तुमच्या जिल्ह्याची संघटना यांच्या लीगमध्ये वयोगटाचे संघ उतरवणारी अकादमी दिसायला साधी असली तरी तीच निवडा. शाळेने सुब्रतो कपसाठी संघ पाठवावा म्हणून मागे लागा. १९६० पासून चालत आलेली ही शालेय स्पर्धा तालुका-जिल्ह्याच्या मुलाला थेट दिल्लीपर्यंत नेऊ शकते. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी आहे. तिथे निवड झाली तर राहणं, शिक्षण आणि प्रशिक्षण शिष्यवृत्तीवर होतं. गोव्यात तर गावोगावच्या मैदानांवर क्लबांची उतरंडच आहे. सिंधुदुर्गातल्या पालकांना ते मैदान मुंबईपेक्षा कितीतरी जवळचं आहे, आणि तिथे चाचणीला जाण्याचा विचार फारसा कुणी करत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं.

नोंदणी करताना जन्मतारीख खरी लावा. एक-दोन वर्षं वय चोरून चौदा वर्षांखालच्या संघात मुलगा उठून दिसतो, पण वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासलं जातं. तिथून परत पाठवलेल्या मुलाचं पुढे काय होतं हे कुठल्याही जिल्हा संघटनेच्या माणसाला विचारा. शिवाय आधी धाकट्यांत खेळून मिळवलेली आघाडी अठराव्या वर्षी, सगळे एका उंचीचे झाल्यावर, संपून जाते. तोपर्यंत मुलाने फक्त ताकदीवर खेळायची सवय लावून घेतलेली असते.

बाराव्या वर्षापासून मूल कोणत्या हंगामात कोणत्या क्लबकडे नोंदलं होतं, याची नोंद जपून ठेवा. तिचा उपयोग क्लबलाही होतो. खेळाडूने पुढे परदेशी क्लबशी पहिला व्यावसायिक करार केला, तर त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाची भरपाई मागता येते. नंतर पैसे मोजून त्याची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे बदली झाली, तर त्या रकमेतले पाच टक्के बारा ते तेवीस या वयात त्याला वाढवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. आपल्याकडच्या तालमी आणि मंडळांनी नोंदणी वेळच्या वेळी आणि नीट केली, तर हा पैसा कधीतरी त्यांच्याही मैदानावर येऊ शकतो.

कोल्हापूरबद्दल वेगळं लिहायला हवं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब या स्थानिक संघांतला सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठा ओस पडतात. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही शहराने फुटबॉलवर इतका जीव लावलेला नाही. हजारो लोक नावाने हाका मारत असताना डोकं शांत ठेवून पेनल्टी मारणं तिथला पोरगा सतराव्या वर्षी शिकतो, आणि ही शिदोरी मोठमोठ्या अकादम्यांत मिळत नाही. पण याच प्रेमात पाय अडकतो. तालमीकडून हंगामाचं मानधन मिळतंय, पेठेत नाव झालंय, मग बाहेरच्या क्लबात जाऊन पुन्हा राखीव खेळाडू म्हणून कोण बसणार? असं म्हणून थांबलेले कितीतरी चांगले पाय त्या शहरात आहेत. कोल्हापूरच्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे: अठराच्या आत एकदा तरी शहराबाहेर पडा. परत यायला शाहू स्टेडियम आहेच.

बाहेर पडलं की काय होऊ शकतं हे अनिकेत जाधवकडे पाहून कळतं. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढे आय-लीगमध्ये इंडियन अ‍ॅरोज, मग इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) जमशेदपूर. २०१९ मध्ये तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावासाठी जाऊन आला. २०२१-२२ चा आयएसएल विजेता हैदराबाद एफसी हा त्याचाच संघ. या वाटेवर शासनाची निवासी प्रबोधिनी आहे, देशातले वयोगटाचे संघ आहेत आणि क्लबने ठरवलेला परदेश दौरा आहे. वडिलांनी कर्ज काढून पाठवलेली सहल तिच्यात कुठेच नाही.

आणि उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नका. मुंबईचा राहुल भेके मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, बेंगळुरू अशा क्लबांतून खेळत राहिला. २०१९ च्या आयएसएल अंतिम सामन्यात मुंबईतल्याच मैदानावर अतिरिक्त वेळेत त्याने हेडरने गोल करून बेंगळुरूला अजिंक्यपद मिळवून दिलं. भारताकडून तो पहिला सामना त्याच वर्षी खेळला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. बचावपटू आणि गोलरक्षक उशिरा पिकतात. आघाडीच्या खेळाडूला एवढी सवड सहसा मिळत नाही.

या सगळ्यात दहावी-बारावी सोडू नका. शाळेची हजेरी जमत नसेल तर मुक्त विद्यालयाचा पर्याय आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी करून घ्यावी लागते. स्पर्धा झाल्या झाल्या प्रमाणपत्रं, संघाच्या याद्या, निकालपत्रकं गोळा करा. दहा वर्षांनी ती शोधणं अशक्य असतं. रेल्वे, पोलीस, सेनादलं, बँका यांच्या संघांतून खेळणं आजही प्रतिष्ठेचं काम आहे. एकेकाळी मुंबईचा फुटबॉल एअर इंडिया, मफतलाल, टाटा अशा संघांनीच पोसला होता.

क्लब टिकतो किती आणि करार सांगतो काय

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं.

भारतात व्यावसायिक क्लबचं आयुष्य अनेकदा खेळाडूच्या कारकिर्दीपेक्षा छोटं असतं. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरलेला पुणे एफसी तीन-चार वर्षांत संपला. पुण्याचाच भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स, मुंबई एफसी, एफसी पुणे सिटी एकामागोमाग गेले. २०१६ मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपो बऱ्याच वर्षांनी परतला. २०२२ चा विजेता हैदराबाद एफसी २०२४ च्या सुरुवातीला पगार थकल्यामुळे जवळजवळ रिकामा झाला. २०२५ च्या जुलैत तर आयएसएलचा पुढचा हंगामच स्थगित ठेवत असल्याचं आयोजकांनी क्लबांना कळवलं आणि ऑगस्टमध्ये काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशातले सर्वोत्तम खेळाडू महिनोन्महिने घरी बसून होते.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. आयएसएलमध्ये नियमित खेळणाऱ्याला चांगला पगार मिळतो, तिच्या खालच्या लीगमध्ये त्याहून बराच कमी, राज्य पातळीवर अनेकदा नुसतं मानधन. पण या पगाराची मुदत छोटी असते आणि तो देणारा हात कधीही आखडू शकतो. म्हणून पहिल्या करारापासून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवायचा, मगच गाडी घ्यायची.

करार लेखी असलाच पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली प्रत तुमच्या हातात आली पाहिजे. ‘संघटनेकडे नोंदवायला पाठवली आहे, नंतर देतो’ हे उत्तर मान्य करू नका. सर्वसाधारणपणे कराराची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं असते. अठराखालच्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त करार फिफा मानत नाही. मुदत वाढवायचा हक्क फक्त क्लबला देणारं कलम असेल तर तिथे थांबा आणि वकिलाला दाखवा. पगाराचा आकडा करकपातीआधीचा की हातात पडणारा, तो कोणत्या तारखेला आणि वर्षात किती महिने मिळणार, हे शब्दांत लिहून घ्या. हंगाम आठ महिन्यांचा आणि करार बारा महिन्यांचा असं वाटत असताना प्रत्यक्षात पगार हंगामापुरताच, हा धक्का अनेकांना पहिल्याच वर्षी बसतो. दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा आणि नंतरच्या पुनर्वसनाचा खर्च कोण देणार आणि त्या काळात पगार चालू राहणार का, याचं उत्तर करारात सापडलं पाहिजे. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला तर मैदानावर परतायला नऊ महिने सहज जातात.

पगार थकला तर काय करायचं, हेही आधीच माहीत हवं. फिफाच्या नियमानुसार क्लबने बेकायदेशीरपणे दोन महिन्यांचे पगार थकवले, तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची. तरीही पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार संपवता येतो. रागाच्या भरात सराव सोडून घरी येऊ नका, कारण मग करार तुम्ही मोडला असं ठरू शकतं. नोटीस ईमेलने पाठवा, बँकेचे उतारे जपा, व्यवस्थापकाशी झालेले व्हॉट्सअ‍ॅपवरचे संवाद पुसू नका. भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब यांच्यातला वाद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या खेळाडू-दर्जा समितीकडे जातो. परदेशी क्लबशी वाद असेल तर फिफाच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते, पण दोन वर्षांच्या आत. दुसऱ्या क्लबशी बोलणी करायची असतील तर करार संपायला शेवटचे सहा महिने राहिले असताना करा; त्याआधी करायची झाली तर आपल्या क्लबच्या माहितीने.

परदेश

भारतीय फुटबॉलपटूंची परदेशवारी जुनी आहे. कोलकात्याचा महंमद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिककडून पायाला पट्ट्या बांधून, अनवाणी खेळला. प्रेक्षक खूश होते, क्लबला तो हवा होता, पण घरची ओढ लागून तो परत आला. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी एफसीमध्ये गेला, तो इंग्लिश फुटबॉलचा तिसरा स्तर. दुखापत आणि क्लबची आर्थिक ओढाताण यांत त्याचे हंगाम गेले. बरीला पुढे, २०१९ मध्ये, लीगमधूनच काढून टाकलं गेलं. क्लब बुडण्याची पाळी फक्त आपल्याकडे येते असं समजू नका.

सुनील छेत्रीची गोष्ट प्रत्येक खेळाडूने नीट समजून घ्यावी. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला घ्यायचं ठरवलं, पण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नसल्यामुळे ब्रिटिश सरकारने काम करण्याचा परवाना नाकारला. २०१० मध्ये तो अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला, लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगमध्ये गेला, तिथे ‘ब’ संघाकडून मोजके सामने खेळला आणि २०१३ च्या सुरुवातीला गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे उसनवारीवर परतला. त्या हंगामात चर्चिलने आय-लीग जिंकली. भारताचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू घडला तो मुख्यतः भारतातल्या मैदानांवर, दर आठवड्याला पूर्ण सामना खेळून. मला यात त्याचं अपयश दिसत नाही. जिथे खेळायला मिळत नाही तिथून वेळेवर निघण्याची अक्कल दिसते.

गुरप्रीत सिंग संधूने उलट निर्णय घेतला आणि तोही बरोबर ठरला. २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकमध्ये गेल्यावर लीगमधल्या पहिल्या सामन्यासाठी त्याला २०१६ पर्यंत थांबावं लागलं. त्याच वर्षी तो युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला, असा मान मिळवणारा पहिला भारतीय. पण तो गोलरक्षक आहे. त्या जागेवर एकच जण खेळतो आणि थांबणं हा शिक्षणाचाच भाग असतो. तेवीस वर्षांच्या विंगरने दोन वर्षं बाकावर घालवणं वेगळं. संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिकमध्ये गेला, दुखापतीने गाठलं, एकही अधिकृत सामना न खेळता काही महिन्यांत परतला. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने केलेल्या त्या धाडसाबद्दल मला आदरच आहे. तरुणांनी मात्र युरोपात जायचंच तर चोविशीच्या आत, शरीर ठणठणीत असताना आणि प्रशिक्षकाशी प्रत्यक्ष बोलून जावं. ‘माझ्या जागेवर तुमच्याकडे किती जण आहेत आणि मी कितवा?’ हे विचारायला संकोच करू नका. क्लबच्या नावापेक्षा या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं. मोठ्या देशातल्या बड्या क्लबच्या तिसऱ्या संघापेक्षा छोट्या देशाच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये मुख्य संघाकडून खेळायला मिळत असेल तर ते घ्यावं.

ब्रिटनमध्ये आज गुणांवर आधारित परवाना लागतो. त्यात देशाची क्रमवारी, राष्ट्रीय संघाकडून खेळलेले सामने आणि तुमच्या लीगचा दर्जा मोजला जातो. भारत क्रमवारीत शंभराच्या बराच मागे असताना ते दार जवळपास बंद आहे. युरोपात चाचणीला पर्यटक व्हिसावर जाणारे लोक असतात. तो व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांपुरता असतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. करार झाला की कामाचा व्हिसा, राहण्याचा परवाना आणि भारतीय महासंघाकडून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र, हे सगळं लागतं. फिफाचा एक नियम इथे खेळाडूच्या बाजूचा आहे: वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झालास तर, किंवा परवाना मिळाला तर करार, अशी अट करारात घालता येत नाही. म्हणजे तपासण्या सहीच्या आधी करून घेणं क्लबचं काम आहे.

एजंट हवाच असेल तर फिफाचा परवाना असलेलाच घ्या. २०२३ पासून त्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. नाव सापडलं नाही तर बोलणं तिथेच संपवा. एजंटशी करार दोन वर्षांपेक्षा लांब नसावा. अल्पवयीन खेळाडूला गाठायचं तर एजंटाला पालकांची लेखी संमती लागते. वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या खेळाडूच्या एजंटाला पाच टक्क्यांपेक्षा जास्त मिळू नये असं फिफाने ठरवलं होतं. ती मर्यादा न्यायालयांत अडकली, तरी मोजपट्टी म्हणून तिचा उपयोग होतो. करार होण्याआधी ‘नोंदणी शुल्क’, ‘क्लबची अनामत’, ‘व्हिसाची हमी’ म्हणून रोख मागणारा माणूस एजंट नव्हे.

मुलींसाठी परदेशाचं गणित वेगळं आहे. देशातल्या महिला लीगमध्ये पैसा इतका कमी होता की २०२३ मध्ये महासंघाला क्लबांवर काही खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये देण्याचं बंधन घालावं लागलं. त्यामुळे चांगल्या मुलीने परदेशाचा विचार मुलांपेक्षा लवकर करावा. मणिपूर पोलिसांत नोकरी करणारी बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली आणि तिथे गोल केला. पंजाबच्या मनीषा कल्याणने गोकुलम केरळकडून नाव कमावलं, २०२१ मध्ये ब्राझीलविरुद्ध गोल केला आणि २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलनकडून महिला चॅम्पियन्स लीग खेळणारी ती पहिली भारतीय ठरली. पुढे ग्रीसचा पाओक. दोघींनी आधी देशाच्या संघात जागा पक्की केली, मग बाहेरच्या क्लबांनी त्यांना बोलावलं. भारतीय महिला संघाने २०२६ च्या आशिया चषकासाठी मैदानावर पात्रता मिळवल्यामुळे आता आपल्या मुलींकडे बाहेरच्या क्लबांचं लक्ष आणखी जाईल.

अभ्यासात बरी असलेली मुलं-मुली अमेरिकेतल्या विद्यापीठांचा विचार करू शकतात. तिथे खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळते, पूर्ण मात्र क्वचितच. इंग्रजीची परीक्षा, शाळेचे गुण आणि संपूर्ण सामन्यांच्या चित्रफिती लागतात. फक्त गोलांची जुळवलेली दोन मिनिटं पाहून प्रशिक्षक समाधानी होत नाहीत. आधी व्यावसायिक करारावर सही केली असेल तर तिथली पात्रता धोक्यात येऊ शकते, म्हणून कुठली वाट धरायची हे सतराव्या वर्षापर्यंत ठरवा.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मूल तिथे वाढलं, तिथल्या क्लबात नोंदलं गेलं तरी भारताकडून खेळायचं असेल तर भारतीय पासपोर्ट लागतो. ओसीआय कार्ड चालत नाही. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठीच्या भारताच्या संघात होता. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये तिथलं नागरिकत्व सोडलं तेव्हा कुठे त्याच्यासाठी भारताकडून खेळण्याची वाट मोकळी झाली. परदेशी नागरिकत्वाचा अर्ज करण्याआधी मुलाला त्याची इच्छा विचारा.

शरीर आणि नंतरची वर्षं

उत्तेजक चाचणीचे नियम निर्दयी आहेत. शरीरात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की ते कसं आलं याची जबाबदारी खेळाडूची. जिममधल्या मित्राने दिलेली पावडर, मेडिकलमधून आणलेलं सर्दीचं औषध, वैद्यांचं चूर्ण, काहीही घेण्याआधी संघाच्या डॉक्टरला दाखवा आणि डबा फेकून न देता ठेवा. दम्यासारख्या आजारासाठी बंदी असलेलं औषध घ्यावं लागत असेल तर आधी परवानगी मागण्याची सोय आहे.

बत्तिशी-पस्तिशीत खेळ थांबतो, गुडघ्याने ठरवलं तर कितीतरी आधी. खालिद जमील महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी असे मुंबईचे संघ खेळला आणि दुखापतींनी त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द आखडली. मग त्याने मुंबई एफसीला अनेक वर्षं प्रशिक्षण दिलं, २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली आणि २०२५ मध्ये तो भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. प्रशिक्षकाच्या परवान्यांची शिडी डी, सी, बी, ए आणि प्रो अशी आहे. वरच्या पायऱ्यांना अनुभवाची अट असते, त्यामुळे पहिले दोन परवाने पंचविशीतच, हंगामांच्या मधल्या काळात करून टाकावेत. धाव चांगली असेल पण मैदानावर जागा मिळत नसेल तर विशीतच पंचाची परीक्षा द्या. जिल्हा संघटनांना तरुण पंचांची कायम चणचण असते आणि सामन्यागणिक मानधन मिळतं. दोन्हींच्या अभ्यासक्रमांच्या तारखा राज्य आणि जिल्हा संघटनांकडे कळतात, जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात.